सालसा, सोनाली-सुमंत आणि आपली मुले
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला विषय दिला तो 'दूरचित्रवाणीवरील कला-स्पर्धा आणि विद्यार्थी' असा. विषय मोठा आहे आणि आम्ही पडलो बँकेतले कारकून. पदवी कला शाखेची असली तरी त्या कलेत नृत्य नव्हते! म्हणून सगळ्या स्पर्धांचा आढावा घेण्याच्या फंदात न पडता आज एकाच जोडीविषयी बोलायचे आम्ही ठरवले आहे. ती जोडी म्हणजे सोनाली मजुमदार आणि सुमंत मारोजू. आपल्यापैकी अनेकांनी त्यांना पडद्यावर पाहिले असेल, नाव मात्र विसरले असेल. लहानशी, चिमणीएवढी मुलगी आणि तिला हवेत भिरकावून अचूक झेलणारा, तिच्याहून काही वर्षांनी मोठा मुलगा, एवढे सांगितले की बऱ्याच जणांना आठवते.

सन २०१२ मध्ये 'कलर्स' वाहिनीवरील 'इंडियाज गॉट टॅलेंट' या कार्यक्रमाच्या चौथ्या पर्वात ही जोडी पहिली आली. बक्षीस होते पन्नास लाख रुपये. दोघेही कोलकात्याच्या बिवाश अकॅडमी ऑफ डान्स या संस्थेत तयार झालेले. या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'बॅड' असा शब्द होतो आणि म्हणून ही जोडी 'बॅड सालसा' या नावाने ओळखली जाते. नाव वाईट आणि काम उत्तम, असा हा प्रकार. पुढे २०१३ मध्ये 'झलक दिखला जा'च्या सहाव्या पर्वात ती दिसली आणि २०२० मध्ये थेट अमेरिकेत, 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'च्या पंधराव्या पर्वात, अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. २०१२ आणि २०२० यांमध्ये आठ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर आपण ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग आहे.

आता सालसा म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. स्पॅनिश भाषेत सालसा म्हणजे रस्सा किंवा चटणी. नावाप्रमाणेच ही मिसळ आहे. क्युबा हे उसाच्या मळ्यांचे बेट. त्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून आणली गेली. क्युबातील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली, म्हणजे अगदी अलीकडे. गुलामांनी बरोबर काहीच आणले नव्हते, आणता आलेच नव्हते. पण हातातला ढोल आणि अंगातला ताल कोणाला हिरावून घेता आला नाही. त्या तालाला स्पॅनिश लोकांची गिटार आणि गाणी भेटली आणि 'सोन' नावाचा संगीतप्रकार झाला. त्यातून पुढे माम्बो, चा-चा-चा वगैरे निघाले. क्युबा आणि पोर्तो रिको या बेटांवरून पोटासाठी न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांनी हे सारे तिकडे नेले. तेथे जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ साली 'फानिया' नावाची ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली, आणि सत्तरच्या दशकात 'सालसा' हे नाव जगभर झाले. त्याच्याही आधी, १९५०च्या सुमारास, न्यूयॉर्कमधील पॅलेडियम नावाच्या नृत्यगृहात काळे, गोरे, पोर्तोरिकन, ज्यू, इटालियन असे सगळे एकाच जमिनीवर माम्बो नाचत असत. बाहेर ज्या समाजात माणसे रंगावरून वेगळी बसवली जात होती, त्याच समाजातले हे दृश्य. आपल्याकडे हलगी आणि ढोलकी कोणाच्या हाती होती, आणि ती ऐकायला पुढच्या रांगेत कोण बसत असे, हे या सभागृहाला आम्ही सांगायला नको.

सालसाची पावले आठ मोजांत बसवलेली असतात. आपला केहरवाही आठ मात्रांचा, त्यामुळे आपल्या कानाला हे परके वाटत नाही. मात्र सालसात एक, दोन, तीन या मोजांवर पाऊल पडते आणि चौथा रिकामा जातो. मग पाच, सहा, सात, आणि आठवा रिकामा. संगीतात 'क्लावे' नावाच्या दोन लाकडी दांड्या वाजतात. त्यांचे पाच ठोके असतात, एका भागात तीन आणि दुसऱ्यात दोन. सगळे वादक आणि नाचणारे या पाच ठोक्यांना धरून असतात. शिकाऊ माणसाची परीक्षा पावलांच्या मोजांवर होत नाही, ती चार आणि आठ या रिकाम्या मोजांवर होते. तेथे थांबणे त्याला जमत नाही. घाई होते.

दुसरी गोष्ट अशी की हे जोडीचे नृत्य आहे. एक जण नेतो, दुसरा जातो. नेणारा तोंडाने काही बोलत नाही. हाताच्या पंज्याचा दाब, खांद्याचा कल, वजन कोणत्या पायावर आहे, एवढ्यावरून जोडीदाराला पुढची फिरकी कळते. दोघांच्या हातांत थोडा ताण कायम ठेवावा लागतो. तो ढिला पडला की निरोप पोहोचत नाही, आणि फार घट्ट झाला की ओढाताण होते. सायकलच्या साखळीसारखा हा हिशोब आहे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते. जाणकार लोक असे म्हणतात की सोनाली-सुमंत करतात तो खरा सालसा नव्हे, ती कसरत आहे. यात थोडे तथ्य आहे. क्युबात किंवा न्यूयॉर्कमध्ये लोक संध्याकाळी जमून जो सालसा नाचतात, त्यात कोणी कोणाला डोक्यावरून फेकत नाही. गर्दीत ते शक्यही नसते. परंतु सालसाच्या स्पर्धांत उचल-फेक असलेला एक वेगळा गट असतो, त्याला कॅबरे म्हणतात. ही जोडी त्या वळणाची. त्यात त्यांनी हिंदी चित्रपटगीतेही आणली. आम्हाला यात काही गैर दिसत नाही. जो प्रकार मुळातच मिसळ म्हणून जन्मला, त्याच्या सोवळ्याची काळजी करणारे पाहिले की आम्हाला गंमत वाटते.

या जोडीचे काम पाहताना बहुतेकांचे डोळे सोनालीवर खिळतात. ते साहजिक आहे. ती फिरते, उडते, उलटी होते, जमिनीपासून वीतभर अंतरावर तिचे डोके येऊन थांबते. आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे की एकदा तेच नृत्य फक्त सुमंतकडे पाहत बघावे. मुलगी हवेत असते तेव्हा त्याचे पाय कोठे आहेत? ती खाली येण्याच्या आधीच त्याचे गुडघे वाकलेले असतात. वजन झेलायचे ते कमरेने आणि मांड्यांनी, नुसत्या हातांनी झेलले तर खांदा जाईल. आणि झेलल्यानंतर दम खायला वेळ नाही, कारण गाणे थांबलेले नाही, पुढच्या एकवर पाऊल पडलेच पाहिजे. तिला गिरकी देऊन सोडल्यावर ती त्याच्याकडे पाहतही नाही. पाहायला सवडच नसते. ती पाठमोरी स्वतःला मागे झोकून देते आणि तो तेथे असतो. हा 'असतो' हजार वेळा असावा लागतो, तेव्हा एकदा पडद्यावर दिसतो.

टाळ्या पडतात त्या उडणाऱ्याला. झेलणाऱ्याचे काम बरोबर झाले तर ते दिसतच नाही. चुकले तरच दिसते. बँकेत रोकड सांभाळणाऱ्या माणसाला हे चांगले समजते. सायंकाळी रोकड जुळली तर कोणी पाठ थोपटत नाही!

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही ही जोडी निवडली, तो मांडतो.

सोनाली ही पश्चिम बंगालमध्ये बांगलादेशच्या सीमेजवळ असलेल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. गावात वीज नव्हती, घरी पैसा नव्हता, हे तिने अमेरिकेतील कार्यक्रमात सांगितले. अशा कार्यक्रमांची एक रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. स्पर्धक मंचावर येण्यापूर्वी त्याच्या घराची दृश्ये दाखवतात. कौलातून येणारे ऊन, चुलीपाशी बसलेली आई, मागे सावकाश वाजणारी बासरी. मग परीक्षकांचे डोळे पाणावतात, मग प्रेक्षकांचे. नृत्य सुरू होण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असते असे वाटते. २००९ साली याच भारतीय कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वात ओडिशाचा 'प्रिन्स डान्स ग्रुप' जिंकला. त्यात बहुतेक मजूर होते. त्यांच्या अंगाला रंग फासून उभ्या केलेल्या आकृत्या किती कल्पक होत्या याची चर्चा कमी झाली, ते मजूर आहेत याची अधिक झाली.

आपल्या वस्तीतील दोन-तीन पालकांशी आमचे या विषयावर बोलणे झाले. त्यांच्या मनात असे पक्के बसले आहे की आपल्या पोरांजवळ 'कहाणी' आहे, म्हणून आपला नंबर लागेल. एका गृहस्थांनी तर, घर अजून थोडे पडके असते तर बरे झाले असते, असे हसत हसत म्हटले. ते हसले, आम्हाला हसू आले नाही. गरिबी सांगण्यात कमीपणा नाही. सोनालीने स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली, तो तिचा अधिकार आहे आणि त्यात लाज कसली? पण ती हकीकत ऐकून सुमंतच्या हातांना बळ येत नाही. हवेतून खाली येणाऱ्या मुलीचे वजन तिच्या वडिलांच्या उत्पन्नावर ठरत नाही. जे गुण मिळाले ते आठ मोजांत न चुकलेल्या पावलांना मिळाले, असे आम्ही मानतो. ज्यांना ते दयेचे वाटतात, त्यांनी २०२० साल पाहावे. आठ वर्षांनी ती मुलगी उंच झालेली, वजन वाढलेले, चिमणी राहिलेली नाही. लहान मुलीला फेकणे एक आणि वाढत्या वयाच्या मुलीला फेकणे दुसरे. जुने सगळे डाव मोडून त्यांना नव्याने बसवावे लागले असणार. शरीराचा तोल वर्षावर्षाला बदलतो, त्याला दुसरा इलाज नाही. ज्या देशात त्यांना कोणी ओळखत नव्हते, तेथे ती जोडी तोच ताल धरून अंतिम फेरीपर्यंत गेली. अंतिम दहांत त्यांचे नाव आले. त्या वर्षी जिंकला तो ब्रँडन लीक, कविता म्हणणारा तरुण.

आपल्या महाराष्ट्रातील मुलेही यात मागे नाहीत. वसई-नालासोपारा पट्ट्यातील 'किंग्ज युनायटेड' हा सुरेश मुकुंद यांचा संघ २०१९ साली अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स'मध्ये पहिला आला, बक्षीस दहा लाख डॉलर. मुंबईच्या 'व्ही अनबीटेबल' संघाने २०१९ मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये चौथा क्रमांक मिळवला आणि २०२० मध्ये त्याच कार्यक्रमाचे 'चॅम्पियन्स' पर्व जिंकले. त्यांच्या नावातील 'व्ही' कोणाचा, हे विद्यार्थ्यांनी माहीत करून घेतले पाहिजे. तो त्यांच्या एका साथीदाराच्या नावाचे आद्याक्षर आहे. हा मुलगा सरावात उंचावरून पडला, त्याचे शरीर लुळे पडले आणि काही दिवसांत तो वारला. त्याचे नाव अंगावर घेऊन ही मुले नाचतात. उचल-फेकीचा सराव घराच्या गच्चीवर, फरशीवर, मोबाइलमध्ये पाहून करणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. खाली जाड गादी, बाजूला दोन माणसे आणि समोर शिकवणारा असल्याशिवाय कोणी कोणाला डोक्यावर घेऊ नये. संस्थेच्या सभागृहात तालमीसाठी गाद्या घ्याव्यात, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. त्यावर विचार व्हावा.

आता थोडे आमच्या धंद्याचे बोलतो.

वर्तमानपत्रात मथळा येतो पन्नास लाखांचा. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेचे बक्षीस आपल्या आयकर कायद्यात लॉटरीच्या पंक्तीला बसवलेले आहे. त्यावर सरसकट तीस टक्के कर, तोही देण्यापूर्वीच कापून, आणि वर उपकर. म्हणजे पन्नास लाखांतले पंधरा लाखांहून अधिक करात गेले. बक्षीस मोटारीचे असेल तर कर भरल्याचे दाखवल्याशिवाय मोटार ताब्यात मिळत नाही. ज्याच्या घरी सायकल आहे त्याने मोटारीचा कर कोठून भरायचा, हा विचार कार्यक्रमात होत नाही. अमेरिकेतील त्या कार्यक्रमाचे दहा लाख डॉलरही एकरकमी नसतात. ते चाळीस वर्षांत हप्त्याने मिळतात, म्हणजे वर्षाला पंचवीस हजार. एकदम हवे असतील तर आजच्या किमतीने बरेच कमी घ्यावे लागतात. व्याजाचे गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे घरी करून पाहावे.

मुलांच्या कामाबद्दल आपल्या देशात २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. सोनाली २०१२ मध्ये नाचली तेव्हा हे नियम नव्हते. आज आहेत, आणि ते पालकांनाच माहीत नाहीत, ही खेदाची बाब आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कार्यक्रमात घ्यायचे तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. ओळीने सत्तावीस दिवसांच्या वर काम नाही. मुलाचे शिक्षण बंद पडणार नाही अशी व्यवस्था हवी, आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला उभे करता येत नाही. हे शेवटचे कलम निर्मात्यांइतकेच पालकांसाठीही आहे, असे आम्हाला वाटते. दहावीच्या वर्षी शाळा सोडून निवड-चाचणीच्या रांगेत मुलाला उभे करायचे काय, असा प्रश्न आम्हाला विचारला गेला. आमचे उत्तर असे की चाचणी पुढच्या वर्षीही असते. 'बॅड सालसा' २०१२ला आली, २०१३ला आली, २०२०लाही आली. ज्याचा ताल पक्का आहे त्याला एक वर्ष थांबल्याने काही होत नाही; सालसाचा चौथा मोजही रिकामाच असतो.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, आणि आम्हाला ती सर्वांत मोलाची वाटते. मुलाच्या कमाईतील निदान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत, मुलाच्याच नावाने, मुदत ठेवीत टाकावी लागते आणि ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. काउंटरवर बसून आम्ही उलटेही पाहिले आहे. मुलाने शाळेच्या, मंडळाच्या स्पर्धांत मिळवलेली रोख बक्षिसे काकांच्या खात्यात जमा होतात, काका त्यातून दुचाकीचा हप्ता भरतात, आणि मुलाला नवे बूट मिळाले की हिशोब संपला. काका वाईट नसतात. मुलाचे खातेच नसते, एवढेच.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे की मुलगा किंवा मुलगी नाचते, गाते, ढोलकी वाजवते, तर आधी तिच्या नावाचे खाते उघडा, मग वेशभूषा शिवा. अज्ञान मुलाचे खाते पालकाच्या सहीने कोणत्याही वयात उघडता येते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेच्या मर्यादेत, स्वतःच्या सहीनेही बचत खाते चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली तशी मुभा दिली आणि २०२५ मध्ये नव्या परिपत्रकाने ती कायम केली. अठरा पूर्ण झाली की आम्ही त्याला बोलावतो, सहीचा नवा नमुना घेतो, आणि त्या दिवसापासून त्या पैशावर पालकाची सही चालत नाही. त्या वेळी काही आयांचा चेहरा पडतो, काहींचा उजळतो.

येत्या रविवारी सभागृहात सकाळी दहा ते एक आम्ही बसणार आहोत. येताना मुलाला बरोबर आणावे, त्याचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो आणावेत. पालकाचे पॅन कार्ड असल्यास तेही आणावे. अर्ज आमच्याजवळ आहेत, भरूनही आम्हीच देऊ. फक्त सही मुलाने स्वतः करावी.